आस्तियानकुइवाउसकाप्पी: एका फिन्निश शब्दाची उकल, आणि त्यातला एक 'न'

उंबरठा

चार वर्षांपूर्वी आम्ही फिनलंडमध्ये एस्पोला राहायला आलो. भाड्याच्या घराच्या स्वयंपाकघरात सिंकच्या बरोबर वर एक कपाट होतं. बाहेरून इतर कपाटांसारखंच, दोन दारांचं. दार उघडलं तर आत फळ्या नाहीत, तारांच्या जाळ्या, आणि खाली तळच नाही. सिंकपाशी वाकून वर पाहिलं की थेट कपाटाच्या पोटात नजर जायची. तळ बसवायचा राहून गेला असेल असं वाटून मी आठवडाभर ते वापरलंच नाही. ताटं धुवायची, फडक्याने पुसायची, दुसऱ्या कपाटात ठेवायची, असं चाललं होतं.

शेजारच्या आजी एकदा चहाला आल्या. जाताना त्यांनी स्वतःची कपबशी धुतली, तशीच ओली त्या कपाटात उभी केली आणि दार लावून घेतलं. पाणी टपटप सिंकमध्ये पडत राहिलं. मी बघतच राहिले. त्यांनी मला सावकाश, तोडून तोडून शब्द सांगितला: आस्तियान-कुइवाउस-काप्पी.

आस्तिया म्हणजे भांडं. आस्तियान म्हणजे भांड्याचं. कुइवा म्हणजे कोरडं, त्यावरून कुइवाउस म्हणजे वाळवणं. काप्पी म्हणजे कपाट. भांडी वाळवायचं कपाट. रोजच्या बोलण्यात नुसतं कुइवाउसकाप्पीही म्हणतात, पण तसं म्हटलं तर कपडे वाळवायचं कपाटही मनात येऊ शकतं, तेही इथे असतं.

इथवर सोपं होतं. नंतर फिन्निशच्या वर्गात आस्तियाकाप्पी हा शब्द आला. तोही भांड्यांच्याच कपाटाचा, पण साध्या, कोरडी भांडी ठेवायच्या. त्यात 'न' नाही! आस्तियाकाप्पी, पण आस्तियानकुइवाउसकाप्पी. तेव्हापासून हा 'न' माझ्या डोक्यातून जात नाही. एकात तो हवा आणि दुसऱ्यात नको, असं का? आपल्या या मंचावर व्याकरण जाणणारे बरेच आहेत म्हणून विचारते. शिवाय या वस्तूला मराठीत काय म्हणावं, हेही सुचवा. माझी आई पुढच्या महिन्यात येते आहे, तिला 'डिश ड्रायिंग कॅबिनेट' असं सांगायचं माझ्या जिवावर येतं.

अनुस्वार

उंबरठाताई, शाळेत समास शिकलेल्या प्रत्येकाला हा 'न' ओळखीचा वाटायला हवा. आपण षष्ठी तत्पुरुषात विभक्तीचा प्रत्यय गाळतो: राजाचा वाडा तो राजवाडा. पण काही समासांत प्रत्यय गळत नाही: युधिष्ठिर, सरसिज, अग्रेसर. त्याला अलुक् समास म्हणतात. संस्कृतात आणि मराठीत ती अपवादाची बाब आहे, फिन्निशमध्ये रोजची. षष्ठीचा 'न' शब्दाच्या आत तसाच राहतो.

मग तो कुठे राहतो आणि कुठे नाही, हा तुमचा खरा प्रश्न. उत्तर दोन कपाटांच्या कामात आहे. आस्तियाकाप्पीमध्ये भांडी आणि कपाट यांचा नुसता संबंध आहे, हे कपाट भांड्यांसाठी, एवढंच. दुसऱ्या शब्दात मधे एक क्रिया आली, वाळवणं. क्रिया आली की तिला कर्म लागतं, आणि ते कर्म म्हणजे भांडं. पाणिनीचं सूत्रच आहे: कर्तृकर्मणोः कृति. धातूपासून झालेल्या नामाच्या कर्माला षष्ठी लागते. फिन्निशमध्येही नेमकं तेच होतं. आस्तियान हे 'कपाटा'चं विशेषण नाही, ते 'वाळवण्या'चं कर्म आहे.

म्हणून विग्रह असा: भांड्याचं वाळवणं, त्यासाठी कपाट. आधी पहिली दोन पदं एकत्र येतात, मग तिसरं. 'न' ती शिवण दाखवतो.

पडताळा घ्यायचा असेल तर भांडी धुण्याच्या यंत्राचा शब्द बघा: आस्तियानपेसुकोने. पेसु म्हणजे धुणं, कोने म्हणजे यंत्र. क्रिया आहे, म्हणून 'न' आहे. भांडी पुसायच्या फडक्याला मात्र आस्तियाप्युहे म्हणतात. प्युहे म्हणजे फडकं, ती वस्तू आहे, क्रिया नव्हे, म्हणून तिथे 'न' नाही.

तापीकाठ

वाचतोय. मला तर पहिल्या झटक्यात 'काप्पी' वाचून आपलं कपाटच आठवलं. काप्पी आणि कपाट एकाच मुळातले असतील का? संस्कृत तर सगळीकडे पोचलेली दिसते.

अनुस्वार

नाही, तापीकाठदादा. साम्य योगायोगाचं आहे, आणि हे ठामपणे सांगायला हवं, कारण अशा साम्यांवरून मोठमोठे इमले रचले जातात. फिन्निश इंडो-युरोपीय कुटुंबातली भाषाच नाही. ती उरालिक कुटुंबातली, एस्टोनियनची सख्खी आणि हंगेरियनची लांबची नातलग. अर्थात तिच्यात उसने शब्द भरपूर आहेत, आणि काप्पी त्यांतलाच, स्वीडिश 'स्कोप' या शब्दावरून आलेला. फिनलंड १८०९ पर्यंत शेकडो वर्षं स्वीडनच्या राज्यात होता. घरातल्या सामानाचे पुष्कळ शब्द त्या वाटेने आले.

आणि संस्कृत कपाट म्हणजे मुळात दाराची फळी. त्याच शब्दाचं घासून झालेलं रूप म्हणजे आपलं कवाड. सामान ठेवायचं कपाट हा अर्थ नंतरचा. दोन्ही शब्दांचे प्रवास पूर्ण वेगळे आहेत.

कोकणकडा

'स्कोप'चं 'काप्पी' कसं झालं? सुरुवातीचा 'स' कुठे गेला?

उंबरठा

हे मला सांगू द्या, वर्गात हा धडा मला सगळ्यात आवडला होता. जुन्या फिन्निशला शब्दाच्या सुरुवातीला जोडाक्षर चालत नसे. म्हणून उसना शब्द घेताना पुढची व्यंजनं गाळून शेवटचं तेवढं ठेवायचे. स्वीडिश 'स्तूल' म्हणजे खुर्ची, तिची झाली तुओली. 'स्कूला' म्हणजे शाळा, ती झाली कोउलु. 'ग्लास'चं झालं लासी. किनाऱ्याला रांता म्हणतात, तो तर त्याहून जुना, प्राचीन जर्मानिक भाषेतून आलेला, आणि त्याच्या पुढची दोन व्यंजनं गेली आहेत. इंग्रजीत त्याचाच भाऊबंद स्ट्रँड हा शब्द आहे. शेवटी बहुतेक वेळा एक 'इ' जोडायचे: काप्पी, तुओली, लासी.

तापीकाठ

म्हणजे आमच्याकडच्या टेशनासारखंच! माझी आजी स्टेशनला टेशन म्हणायची. 'स' गेला, 'ट' राहिला. दुसरे काही लोक इस्टेशन म्हणायचे, पुढे 'इ' लावून. तिकडे पहिली वाट धरलेली दिसते. आजीला आम्ही लहानपणी सुधारायचो, त्याचं आता वाईट वाटतं. ती एका नियमाने बोलत होती.

रोवळी

मला व्याकरणापेक्षा वस्तूत जास्त रस आहे. हे कपाट कुणाला सुचलं?

पानगळ

यावर मी थोडंफार वाचलेलं आहे, म्हणून सविस्तर लिहिते.

फिनलंडमध्ये हे कपाट माइयु गेबहार्ड यांच्या नावाशी जोडलेलं आहे. जन्म १८९६. त्यांची आई हेडविग गेबहार्ड १९०७ साली फिनलंडच्या संसदेत निवडून आलेल्या पहिल्या १९ स्त्रियांपैकी एक. जगात कुठल्याही संसदेत निवडून गेलेल्या त्या पहिल्या स्त्रिया. वडील हानेस गेबहार्ड हे तिथल्या सहकारी चळवळीचे प्रवर्तक. शेतकऱ्यांनी एकत्र येऊन खरेदी-विक्री करावी, पतपुरवठा आपसांत उभा करावा, हे विचार त्या घरात रोज बोलले जात असणार. सहकार ज्याच्या गावात रुजला आहे अशा मराठी माणसाला ते वातावरण परकं वाटू नये.

माइयु 'त्युओतेहोसेउरा' या संस्थेत गृहकामाच्या विभागाच्या प्रमुख होत्या. हा शब्दही उंबरठाताईंच्या वहीत जाईल असा आहे: त्युओ म्हणजे काम, तेहो म्हणजे कार्यक्षमता, सेउरा म्हणजे मंडळ. संस्था १९२४ ची. शेतातलं, जंगलातलं आणि घरातलं काम मोजायचं, कुठे श्रम वाया जातात ते शोधायचं, हे तिचं काम. मला यातली सर्वांत मोलाची गोष्ट ही वाटते की घरकाम त्यांनी 'काम' म्हणून मोजायला घेतलं. त्यांचा एक हिशेब नेहमी सांगितला जातो: भांडी धुण्यापुसण्यात गृहिणीच्या आयुष्यातले सुमारे ३०,००० तास जातात. मी भागून पाहिलं. रात्रंदिवस धरले तर ते जवळजवळ साडेतीन वर्षं होतात.

कपाटाची जडणघडण १९४४-४५ ची. दुसरं महायुद्ध संपत होतं, सोव्हिएत संघाला द्याव्या लागलेल्या कारेलिया प्रदेशातून विस्थापित झालेल्या ४ लाखांहून जास्त लोकांना वसवायचं होतं, हजारो नवी घरं उभी राहणार होती. म्हणजे स्वयंपाकघरं नव्याने आखायची संधी होती. १९४८ पासून एन्सो-गुत्सैत कंपनीने कपाटाचं मोठ्या प्रमाणावर उत्पादन सुरू केलं. आधी आत लाकडी दांड्यांच्या जाळ्या असत, पुढे प्लास्टिकचं आवरण असलेल्या तारांच्या आल्या.

एक गोष्ट प्रामाणिकपणे नोंदवायला हवी. अशा प्रकारच्या कपाटाचं पेटंट अमेरिकेत १९३२ सालीच एका स्त्रीने घेतलेलं होतं. तेव्हा 'जगात पहिलं' असं मी म्हणणार नाही. पण घराघरात ते पोचवणं, वर्षानुवर्षं प्रत्येक नव्या घरात ते असणारच अशी पद्धत पडणं, हे फिनलंडमध्ये घडलं.

रोवळी

पानगळ, फार छान लिहिलंत. ३०,००० तासांवर मी थांबलेच. माझ्या सासूबाई ८२ वर्षांच्या आहेत. त्यांना वाचून दाखवलं तर त्या म्हणाल्या, "आणि पाणी भरायचे तास कुणी मोजले?" आमच्याकडे विहीर घराच्या मागे पन्नास पावलांवर होती.

सुतारपक्षी

नमस्कार. मी पुण्यात स्वयंपाकघरातली फर्निचरची कामं करतो. कोणी मोजमापं सांगेल का? मला दोन शंका आहेत. एक, ओली भांडी बंद कपाटात ठेवली तर आतून प्लायवूड फुगणार. दोन, हवा कुठून खेळणार?

उंबरठा

सुतारपक्षीदादा, मी आत्ता टेप घेऊन मोजलं. खालच्या जाळीत ताटं उभी राहतात, तारांच्या खाचा साधारण चार बोटं अंतरावर आहेत. वरच्या जाळीत पेले आणि वाट्या पालथ्या घालतो. हवा खालून येते, तळ नाही तो त्याचसाठी. पाणी पडायला आणि हवा शिरायला एकच वाट. बाजूच्या फळ्यांना आतून पांढरं गुळगुळीत आवरण आहे. आमचं कपाट बरंच जुनं आहे, खालच्या कडेला किंचित फुगलंय, बाकी ठीक आहे.

पण एक सांगायला हवं. इथे हिवाळ्यात घरं सतत तापवलेली असतात, आतली हवा इतकी कोरडी होते की ओठ फुटतात. रात्री ठेवलेली ताटं सकाळी खडखडीत असतात.

रोवळी

हाच मुद्दा मी मांडणार होते. रत्नागिरीत जुलै महिन्यात ताट उघड्यावर ठेवलं तरी संध्याकाळपर्यंत ओलसर असतं. दारं लावली तर वास येईल. आपल्याकडे भांडी आधी दुरडीत किंवा टोपल्यात निथळत ठेवतात, मग फडक्याने पुसून मांडणीवर लावतात. मांडणी उघडी असते ते शोभेसाठी नव्हे, हवेसाठी.

आणि कुणाला ताटाळं आठवतं का? भिंतीवर लाकडी चौकट, आडव्या पट्ट्या, त्यात ताटं उभी खोचायची. माझ्या माहेरी होतं, शिसवी. ओली ताटंसुद्धा त्यात खोचत, खाली भिंतीवर ओघळांच्या रेघा उमटलेल्या असत. या फिन्निश कपाटात मला दार लावलेलं ताटाळंच दिसतं.

सुतारपक्षी

ताटाळं! माझ्या वडिलांनी केलेली आहेत. आता कुणी करून मागत नाही. ताई म्हणतात ते बरोबर आहे, कोकणात करायचं तर दारांना जाळीच द्यावी लागेल. देशावर चालेल.

अनुस्वार

शब्दाकडे परत येतो, कारण अजून एक सुंदर गोष्ट राहिली. हा शब्द लिहितात 'न' आणि 'क' असा, पण बोलताना काय होतं, उंबरठाताई? मी ऐकलेलं नाही, पण फिन्निशचा नियम मला माहीत आहे: 'क'च्या आधी आलेला 'न' ङ होतो, 'प'च्या आधी म होतो. म्हणजे आस्तियाङ्कुइवाउसकाप्पी, पण आस्तियाम्पेसुकोने.

उंबरठा

अगदी तसंच! आजी 'आस्तियाङ्'च म्हणतात. मला वाटायचं त्या घाईत बोलतात.

अनुस्वार

हा परसवर्ण झाला. अंक, अंग म्हणताना अनुस्वाराचा ङ होतो, अंबा, चिंपांझी म्हणताना म होतो. मराठी माणसाला हा उच्चार शिकवावा लागत नाही, जिभेवर आहेच. फरक एवढाच की आपण तो एका बिंदूने लिहितो, ते 'न' लिहितात.

आणखी एक. फिन्निशमध्ये स्वरांचा मेळ असतो. बॅटमधला ॲ आणि बाटलीतला आ हे एका साध्या शब्दात एकत्र येत नाहीत. पण फ्रीजसाठी त्यांचा शब्द आहे यॅकाप्पी. यॅ म्हणजे बर्फ. ॲ आणि आ दोन्ही आले, म्हणजे इथे सांधा आहेच. जोडशब्द ओळखायची ही खूण. आपल्या शब्दात मात्र आ, इ, उ एवढेच स्वर आहेत, ते सगळे एकमेकांना चालतात. म्हणून तिथे सांधा कानाला कळत नाही, अर्थावरूनच शोधावा लागतो.

पानगळ

यॅकाप्पीमध्ये आता बर्फाची लादी नसते, तरी शब्द टिकला. पूर्वी खरोखरच बर्फ ठेवायचं कपाट होतं.

कोकणकडा

एक शंका. केस वाळवायच्या यंत्राला ते काय म्हणतात? तिथेही 'कपाट' वगैरे काही जोडतात का?

उंबरठा

हिउस्तेनकुइवाया. हिउस्तेन म्हणजे केसांचं, इथे अनेकवचन आहे बरं का, भांडं मात्र एकवचनी! कुइवाया म्हणजे वाळवणारा. आणि धान्य वाळवायच्या यंत्राला कुइवुरी. ते फुंकतात, तापवतात, म्हणून ते 'वाळवणारे'. आमचं कपाट काहीच करत नाही. ना वीज, ना पंखा. म्हणून त्याला वाळवणारा म्हटलेलं नाही, 'वाळवण्याचं कपाट' म्हटलंय. मला हे फार नेमकं वाटतं.

तापीकाठ

पण मग वाळवणं कोण करतं? ताटं आपोआपच वाळतात ना? फिन्निशमध्ये वाळणं आणि वाळवणं असा भेद आहे का?

अनुस्वार

आहे, आणि मराठीइतकाच स्वच्छ. कुइवुआ म्हणजे वाळणं, कुइवाता म्हणजे वाळवणं. कुइवाउस हे दुसऱ्यावरून आलेलं, सकर्मक. म्हणून तर कर्माचा 'न' लागला. 'वाळणं' धरलं असतं तर शब्द वेगळा झाला असता. माझं मत असं: हे काम आधी बाई फडक्याने करायची, ते आता कपाटाकडे दिलं. शब्दात काम तसंच राहिलं, करणारी गेली.

रोवळी

आता मराठी शब्द. माझा शब्द निथळणी. गाळणी, चाळणी, किसणी, तशी निथळणी.

अनुस्वार

रोवळीताई, शब्द कानाला गोड आहे, पण एक अडचण बघा. गाळणे, चाळणे, किसणे ही सगळी सकर्मक क्रियापदं. आपण गाळतो, ज्याने गाळतो ती गाळणी. निथळणं मात्र भांडीच निथळतात. आपण त्यांना निथळत 'ठेवतो'.

कोकणकडा

निथळतं कपाट? सरकता जिना म्हणतो तसं?

सुतारपक्षी

नको. गिऱ्हाईक म्हणेल कपाट गळतंय, दुरुस्त करून द्या.

पानगळ

म्हणजे फिन्निशमध्ये 'न' जी गफलत टाळतो, नेमकी तीच आपल्याकडे होते. कोण निथळतं, भांडं की कपाट, हे शब्दातून कळायला हवं.

उंबरठा

आई येऊन आता तीन आठवडे झाले, म्हणून धागा पुन्हा वर काढते.

पहिल्या दिवशी तिला काहीच सांगितलं नाही. तिने दार उघडलं, वर पाहिलं, खाली सिंकमध्ये पाहिलं आणि म्हणाली, "हे निथळफडताळ बरंय की गं." मी तिथेच वहीत लिहून घेतलं. आमच्या वाड्यात भिंतीतल्या कपाटाला फडताळच म्हणायचे, कपाट म्हणजे लोखंडी. निथळ हा नुसता धातू पुढे लावला, ता-ती-तं काही नाही, त्यामुळे फडताळ गळत नाही. अनुस्वार, तुम्ही तपासा.

अनुस्वार

तपासलं. काकूंना नमस्कार सांगा. निथळण्यासाठी फडताळ, चतुर्थी तत्पुरुष. मला एकही हरकत सुचत नाही.

सुतारपक्षी

मी सदाशिव पेठेतल्या एका कामाच्या नकाशावर आजच निथळफडताळ असं लिहिलं. दारांना जाळी दिली आहे. खाली स्टीलच्या सळ्या, ताटांसाठी चार बोटांच्या खाचा.

उंबरठा

शेजारच्या आजींना काल हा शब्द सांगितला. त्यांनी कागद मागितला, तीन वेळा म्हणून पाहिला, 'ळ'वर दोनदा अडखळल्या. मग मी केली होती तशीच त्यांनी फोड करायला घेतली. निथळ म्हणजे काय, फडताळ म्हणजे काय, दोन्हींखाली रेघा ओढल्या. आणि पेन्सिल तशीच धरून मला विचारलं, यात भांडी कुठे आहेत?